ऑटोमॅटिक रिपोर्ट देणारं १२ चॅनल ईसीजी मशीन: हार्ट ब्लॉक पकडायला कितपत भरवशाचं?

पोर्टेबल, बॅटरीवर चालणारं, बाराही लीड (हृदयाकडे बघायच्या बारा दिशा) एकदम घेणारं आणि दहा सेकंदांच्या ट्रेसिंगच्या माथ्यावर स्वतःचं निदान छापून देणारं ईसीजी मशीन आज ओपीडीत, कॅज्युअल्टीत, ॲम्ब्युलन्समध्ये सगळीकडे दिसतं. हा रिव्ह्यू एका कंपनीच्या एका मॉडेलचा नाही. या वर्गातली मशिनं आतून पुष्कळशी एकाच पद्धतीने काम करतात आणि अडखळतातही जवळपास त्याच जागी. म्हणून सगळ्या वर्गालाच इथे एक कसोटी लावली आहे: हृदयातल्या करंटच्या वाटेवरचा अडथळा, म्हणजे हार्ट ब्लॉक, पकडायला आणि त्यावर पुढचा निर्णय घ्यायला हे यंत्र किती कामाचं? रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज हा वेगळा विषय आहे. हार्ट अटॅकमुळे ब्लॉक झाला असेल, तेवढ्यापुरताच तो इथे येईल.

निकाल आधीच सांगून टाकायचा, तर ट्रेसिंगला पैकीच्या पैकी मार्क. बंडल ब्रँच ब्लॉकच्या (करंटच्या उजव्या किंवा डाव्या फांदीतला अडथळा) छापील निदानाला चांगले मार्क, फर्स्ट डिग्रीला (करंट पोचतो, पण उशिरा) बरे. सेकंड (काही ठोके गळतात) आणि थर्ड डिग्री (वरचा एकही ठोका खाली पोचत नाही) ब्लॉकच्या बाबतीत मात्र माथ्यावरच्या ओळीवर एकट्याने विसंबू नये. पेशंटचा जीव ज्या ब्लॉकमुळे जाऊ शकतो, नेमका तिथेच मशीनचा रिपोर्ट कच्चा आहे. असं का होतं हे कळलं की मशीन कसं वापरायचं हेही आपोआप कळतं.

मशीन दहा सेकंदांतले एकसारखे ठोके एकमेकांवर रचतं आणि त्यातून एक प्रातिनिधिक ठोका तयार करतं. ठोक्यातली पहिली लहान लहर पी, ती वरच्या कप्प्यांची (ॲट्रियमची); मग टोकदार क्यूआरएस, ती खालच्या कप्प्यांची (व्हेंट्रिकलची), तिच्यातलं वर जाणारं टोक आर, त्याच्या आधी-नंतर खाली जाणारी क्यू आणि एस; शेवटची लहर टी. पीआर (पीपासून क्यूआरएसपर्यंतचा वेळ), क्यूआरएस, क्यूटी, ॲक्सिस (करंटची एकूण दिशा) ही सगळी मापं या एका ठोक्यावर घेतली जातात. स्नायूंची थरथर प्रत्येक ठोक्यात वेगळी असल्यामुळे ती रचताना पुसली जाते आणि क्यूआरएसची रुंदी माणसाच्या डोळ्यापेक्षा नेमकी मिळते. पण क्यूआरएसशी बांधलेला नसलेला पी वेव्हही याच चाळणीतून गळून पडतो. सेकंड आणि थर्ड डिग्री ब्लॉक एका ठोक्याच्या आकारात सापडत नाही, तो ठोक्या-ठोक्यांच्या नात्यात असतो. रिदम ओळखायला मशीनमध्ये वेगळा भाग असतो खरा, पण त्यालाही आधी प्रत्येक पी सापडावा लागतो. टी वेव्हच्या पोटात शिरलेला किंवा क्यूआरएसखाली दबलेला पी त्याला बहुधा सापडत नाही.

कार्ल वेन्केबाख यांनी १८९९ मध्ये वाढत जाणाऱ्या विलंबाचा आणि मग गळणाऱ्या ठोक्याचा नमुना वर्णन केला, तेव्हा हाताशी ईसीजी नव्हताच. नाडीच्या आलेखांवरून, ठोक्यांमधली अंतरं मोजून त्यांनी तो ओळखला. वोल्डेमार मोबिट्झ यांनी सेकंड डिग्री ब्लॉकचे दोन प्रकार पाडले ते १९२४ मध्ये: मोबिट्झ वन, म्हणजे हाच वेन्केबाखचा नमुना, आणि मोबिट्झ टू. अंतरं मोजण्याची ती जुनी रीत आजच्या छापील रिपोर्टपेक्षा या कामात सरस ठरते.

जिथे मशीन चांगलं चालतं

बंडल ब्रँच ब्लॉक हा आकाराचा खेळ आहे, त्यामुळे मशीनला तो जमतो. क्यूआरएस १२० मिलिसेकंद किंवा जास्त, म्हणजे २५ मिमी प्रतिसेकंद वेगाच्या कागदावर तीन लहान चौकोन, हे माप ते सहसा चुकवत नाही. राइट बंडलमध्ये व्ही-१ आणि व्ही-२ मध्ये दुसरा आर उंच, लीड १ आणि व्ही-६ मध्ये रुंद, रेंगाळणारा एस. लेफ्ट बंडलमध्ये लीड १, एव्हीएल, व्ही-५, व्ही-६ मध्ये रुंद, खाच पडलेला आर आणि लीड १, व्ही-५, व्ही-६ मधला छोटा क्यू गायब. लेफ्ट अँटिरियर फॅसिक्युलर ब्लॉकही (डाव्या फांदीच्या पुढच्या उपफांदीतला) ॲक्सिसवरून, उणे ४५ ते उणे ९० अंश, बऱ्यापैकी बरोबर छापून येतो. लेफ्ट पोस्टिरियर फॅसिक्युलर (मागच्या उपफांदीतला) मात्र मशीनने लिहिला तरी घाई करू नका. उजव्या बाजूचा ॲक्सिस उजवं व्हेंट्रिकल जाड झाल्याने, फुप्फुसाच्या आजाराने किंवा हाताच्या वायरी उलट लागल्यानेही येतो. ही कारणं बाजूला सारल्यावरच ते निदान उरतं.

रिपोर्टमध्ये ‘इनकम्प्लीट राइट बंडल ब्रँच ब्लॉक’ वारंवार येत असेल, तर पेशंट बघण्याआधी व्ही-१ आणि व्ही-२ कुठे चिकटवले आहेत ते बघा. जागा चौथ्या बरगडीखालची, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या आणि डाव्या कडेला. घाईत ते दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लागतात आणि तिथे निरोगी माणसातही छोटा दुसरा आर दिसू लागतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे व्ही-१ आणि व्ही-२ मधला पी पूर्ण उलटा दिसतो. मधल्या हाडावर बोट ठेवून वरून खाली सरकत या, आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी. तिच्याखालची फट दुसरी, तिथून दोन फटी खाली मोजायच्या. एवढं केलं तर निम्मी कटकट संपते.

‘ट्रायफॅसिक्युलर ब्लॉक’ हा शब्द काही मशिनं अजून छापतात. राइट बंडल, लेफ्ट अँटिरियर आणि लांबलेला पीआर हे तिन्ही एकत्र दिसले की ती ओळ येते. पण लांबलेला पीआर एव्ही नोडमुळेही (वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली करंटची गाठ) असू शकतो, तिसरी फांदी खराब आहे हे त्यावरून ठरत नाही. रिपोर्टमध्ये ती ओळ आली तर खोडून जे दिसतं तेच लिहावं: बायफॅसिक्युलर ब्लॉक, सोबत पीआर इतका. एका ट्रेसिंगमध्ये राइट आणि दुसऱ्यात लेफ्ट बंडल ब्लॉक दिसणं ही मात्र खरी धोक्याची घंटा आहे. तिथे कायमचा पेसमेकर लागतो. मशीनला हे कळूच शकत नाही, कारण ते एका वेळी एकच ट्रेसिंग वाचतं.

फर्स्ट डिग्री म्हणजे पीआर २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त आणि प्रत्येक पीनंतर क्यूआरएस. मशीनने २१० लिहिलं तर बहुधा तेवढाच असतो. तरीही लीड २ मध्ये डोळ्याने एकदा मोजावा. अडचण येते ती फार लांब पीआरमध्ये. पीआर ३५०-४०० झाला की पी मागच्या टी वेव्हवर जाऊन बसतो आणि मशीन ‘जंक्शनल रिदम’ (एव्ही नोडच्या आसपासून निघणारे ठोके) लिहून मोकळं होतं. पीआर ३०० च्या पुढे गेला की ॲट्रियम चुकीच्या वेळी आकुंचन पावतं आणि काहींना दम लागणं, गळून जाणं असा खरा त्रासही होतो. म्हणून असा पी शोधणं गरजेचं आहे. ताप असलेल्या पेशंटला एओर्टिक व्हॉल्व्हचं इन्फेक्शन असेल आणि पीआर रोज थोडा थोडा लांबत असेल, तर तो व्हॉल्व्हच्या मुळाशी गळू होत असल्याचा इशारा असतो. तिथे मशीनचा अंक सोन्याचा, कारण रोजचे अंक शेजारी ठेवता येतात.

जिथे ते घसरतं

वेन्केबाखचं एक उदाहरण कागदावर मांडून पाहू. पी-पी अंतर (दोन पींमधलं) ८०० मिलिसेकंद, पीआर अनुक्रमे १८०, २६०, ३०० आणि चौथ्या पीनंतर क्यूआरएस नाही. आर-आर अंतरं (दोन क्यूआरएसमधली) येतील ८८०, ८४० आणि मग १४८० चा खंड. तीन गोष्टी इथे पक्क्या दिसतात. गळण्याआधी आर-आर आखडत गेलं. खंड दोन पी-पींपेक्षा, म्हणजे १६०० पेक्षा, लहान निघाला. आणि खंडानंतरचा पहिला पीआर पुन्हा १८० वर आला. मशीनचा प्रातिनिधिक ठोका मात्र या तीन पीआरची गोळाबेरीज करून २५० च्या आसपास एकच आकडा देतो आणि वर ‘फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक, अनियमित रिदम’ असं काहीतरी छापतो. लांबलचक चक्रात तर पीआर ठोक्यागणिक एवढा कमी वाढतो की डोळ्यालाही फसवतो. म्हणून सगळे पीआर मोजत बसण्यापेक्षा दोनच मोजा: गळलेल्या ठोक्याच्या आधीचा आणि नंतरचा. नंतरचा लहान असेल तर मोबिट्झ वन.

ते दोन्ही तंतोतंत सारखे आणि खंड बरोबर दोन पी-पींएवढा, तर मोबिट्झ टू. इथे क्यूआरएस बहुधा रुंद असतो, कारण दुखणं एव्ही नोडच्या खाली, हिस बंडल (नोडमधून फांद्यांकडे करंट नेणारा जुडगा) आणि फांद्यांमध्ये असतं. एक अट मात्र कधीही विसरू नये: पी-पी अंतर स्थिर हवं. ओकारी येताना, सक्शन करताना, गाढ झोपेत हृदय मंदावणाऱ्या व्हेगस नर्व्हचा जोर वाढतो, पी-पी लांबतं आणि त्याच वेळी ठोका गळतो. तो मोबिट्झ टू नाही. त्या पेशंटला पेसमेकरच्या वाटेला लावू नये.

खंड दिसला की आणखी एक संशयित आधी तपासायचा: वेळेआधी आलेला आणि पुढे न गेलेला ॲट्रियल ठोका. खंडाच्या अगोदरची टी वेव्ह बाकीच्या टींपेक्षा टोकदार, उंच किंवा खाच पडलेली असेल, तर तिच्यात एक पी लपलाय आणि तो वेळेआधी आलाय. हा ब्लॉकच नव्हे. अचानक दिसणाऱ्या खंडांचं हेच सगळ्यांत नेहमीचं कारण आहे. मशीन कधी त्याला ‘सायनस पॉज’ (मूळ ठोकाच न निघणं) म्हणतं, कधी ‘सेकंड डिग्री’. दोन्ही चूक.

आता दोनास एक, म्हणजे २:१. दर दुसरा पी अडतो. सलग दोन पीआर बघायलाच मिळत नाहीत, त्यामुळे मोबिट्झ वन की टू हे या पट्टीवरून सांगता येत नाही आणि सांगूही नये. मशीनची नेहमीची चूक म्हणजे अडलेला पी टी वेव्हमध्ये असल्यामुळे ते ‘सायनस ब्रॅडिकार्डिया, रेट ३८’ (ठोके नॉर्मल, फक्त संथ) असं शांतपणे छापतं. म्हणून रेट पन्नासच्या खाली दिसला की दोन ठळक पींच्या बरोबर मधोमध काही उंचवटा आहे का, ते बाराही लीडमध्ये शोधायचं. लीड २ आणि व्ही-१ मध्ये तो बहुधा सापडतो. २:१ पक्कं झाल्यावर जागेचा अंदाज असा: क्यूआरएस अरुंद आणि पीआर लांब असेल तर दोष नोडमध्ये असण्याची शक्यता जास्त, क्यूआरएस रुंद आणि पुढे गेलेल्या ठोक्याचा पीआर नॉर्मल असेल तर नोडच्या खाली. थोडं चालवल्यावर ब्लॉक सुटला तर नोड. चालल्यावर ब्लॉक वाढून ३:१ झाला तर खालचा. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे रिदम बटण दाबून मिनिटभराची पट्टी काढणं. मध्येच ३:२ चं (तीन पींत दोन ठोके) एखादं चक्र आलं की उत्तर हातात पडतं.

एक पट्टी, चौकोन मोजून

कम्प्लीट, म्हणजे थर्ड डिग्री, ब्लॉक ओळखायला सोपा, असं पुस्तकात वाटतं. प्रत्यक्षात अशी पट्टी समोर येते: आर-आर सगळीकडे ४१ लहान चौकोन, म्हणजे १६४० मिलिसेकंद, रेट साधारण ३७. पी-पी २० चौकोन, म्हणजे ८०० मिलिसेकंद, रेट ७५. ७५ आणि ३७, म्हणजे जवळपास बरोबर निम्मं. पहिली नजर सांगते २:१ ब्लॉक. मशीन तर अडलेले पी न दिसल्यामुळे सायनस ब्रॅडिकार्डिया आणि फर्स्ट डिग्री छापतं किंवा पीआरची जागा रिकामी ठेवतं.

आता क्यूआरएसच्या लगेच आधीचे पीआर मोजा. दोन पी-पी म्हणजे ४० चौकोन आणि आर-आर ४१, त्यामुळे दर ठोक्याला पीआर एका चौकोनाने वाढतो. १६०, २००, २४०, २८०, ३२०, ३६०. दहा सेकंदांत सहाच ठोके मावतात आणि त्यांत हा सगळा प्रवास दिसतो. दुसरा पी पहिल्या ठोक्यात आरनंतर ६४० मिलिसेकंदांवर, टी संपल्यावर मोकळा उभा असतो. सहाव्या ठोक्यापर्यंत तो ४४० वर येऊन टीच्या अंगावर चढतो आणि दिसेनासा होतो. पीआर बदलत राहिला, तरी आर-आर केसभरही हललं नाही. पी खाली जात असता, तर पीआर बदलल्यावर आर-आरही बदललं असतं. म्हणजे ॲट्रियम आणि व्हेंट्रिकल आपापल्या तालात चालले आहेत आणि हा थर्ड डिग्री ब्लॉक आहे. अशी पट्टी २:१ समजून सोडून देणं ही या विषयातली सगळ्यांत महाग पडणारी चूक.

मोजायला कॅलिपर नसेल तर कोऱ्या कागदाची कड पुरते. सलग दोन स्पष्ट पींवर पेन्सिलीने खुणा करा आणि कागद पुढे सरकवत न्या. खूण जिथे पडेल तिथे पी असलाच पाहिजे, दिसो वा न दिसो. ही दोन मिनिटांची मेहनत माथ्यावरच्या ओळीपेक्षा खूप जास्त सांगून जाते.

उलट बाजूची चूकही होते. पी आणि क्यूआरएसचा मेळ नाही एवढ्यावरून ब्लॉक ठरत नाही. पीचा रेट व्हेंट्रिकलच्या रेटपेक्षा जास्त हवा आणि पीला खाली जायची पुरेशी संधी मिळूनही तो जात नसावा. व्हेंट्रिकल ॲट्रियमपेक्षा जोरात पळत असेल तर तो व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (खालच्या कप्प्यातूनच निघणारे जलद ठोके) किंवा वेग वाढलेला जंक्शनल रिदम असू शकतो, त्याचे उपचार साफ वेगळे. आणि ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये (वरचे कप्पे नुसते थरथरतात, ठोके अनियमित) पी नसतातच. तिथे खूण एकच: ठोके संथ आणि घड्याळासारखे नियमित. फिब्रिलेशनमध्ये नियमितपणा आला की कम्प्लीट ब्लॉक समजा आणि पेशंट डिगॉक्सिन (एव्ही नोड मंदावणारं औषध) घेतो का ते लगेच विचारा. मशीन इथे फक्त ‘ॲट्रियल फिब्रिलेशन, स्लो रेट’ लिहून थांबतं.

सेटिंग

मशीन घेतल्या घेतल्या, म्हणजे कारखान्यातून येतं तसंच, वापरू नये. पहिली गोष्ट फिल्टर. ट्रेसिंग देखणं दिसावं म्हणून मसल फिल्टर २५, ३५ किंवा ४० हर्ट्झवर चालू ठेवलेला असतो. त्याने रेष गुळगुळीत होते, पण क्यूआरएसमधली खाच आणि बारीक टोकंही घासली जातात. मोठ्या माणसासाठी ०.०५ ते १५० हर्ट्झ ठेवा आणि थरथर असेल तर आधी पेशंटचे हात-पाय उबदार, सैल करा. खालची सीमा ०.५ हर्ट्झवर नेली तर एसटी सेगमेंट (क्यूआरएस आणि टीमधली रेष) खोटा हलू शकतो, म्हणजे ब्लॉकसोबत हार्ट अटॅक आहे का हा प्रश्नच बिघडतो. कोणता फिल्टर होता हे कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं. दुसऱ्याने काढलेला ईसीजी वाचताना आधी ती ओळ वाचावी.

दुसरी गोष्ट पेसमेकर डिटेक्शन. पेसमेकरची पल्स अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास असते. सेकंदाला ५०० नमुने घेणारं मशीन दर दोन मिलिसेकंदांनी एकदा बघतं, त्यामुळे पल्स मधल्या मध्ये निसटते. त्यासाठी मशीनमध्ये वेगळं सर्किट असतं आणि ते कागदावर खूण काढतं. हे सेटिंग बंद असेल तर स्पाइक (पल्सच्या उभ्या रेघा) दिसत नाहीत आणि उजव्या व्हेंट्रिकलमधून पेस होणारा ठोका चक्क लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणून छापला जातो.

तिसरी, छपाईचा साचा. एका पानावर बारा लीड बसवताना प्रत्येक लीडला अडीच सेकंदच मिळतात. रेट ४० असेल तर त्यात एक किंवा दोन ठोके. म्हणून खाली लीड २ ची पूर्ण दहा सेकंदांची पट्टी हवीच, आणि जमल्यास व्ही-१ चीही. तीन चॅनलच्या जुन्या मशिनात लीड गटागटाने, एकामागून एक येतात. बारा चॅनलवर थोडे जास्त पैसे गेले तरी ब्लॉक वाचण्यासाठी ते सार्थकी लागतात, कारण एकाच क्षणीचा पी बाराही ठिकाणी शोधता येतो.

पी पुसट असेल तर उंची दुप्पट करा, २० मिमी प्रति मिलिव्होल्ट, आणि वेग ५० मिमी प्रतिसेकंद. मात्र कागदावर तसं ठळक लिहून ठेवा. ५० च्या वेगाचा कागद २५ चा समजून वाचला तर नॉर्मल पीआरही लांबलेला निघतो आणि प्रत्येक क्यूआरएस रुंद. तरीही पी दिसेना तर ल्युइस लीड: उजव्या हाताचं इलेक्ट्रोड छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या टोकावर, डाव्या हाताचं त्याच हाडाच्या उजव्या कडेला चौथ्या-पाचव्या फटीत, आणि वाचायचं लीड १. ॲट्रियमचा करंट इथे बराच उठून दिसतो. त्या ट्रेसिंगवरची बाकीची सगळी छापील निदानं फेकून द्यायची, हे सांगायला नको.

वाचून झाल्यावर

मशीनच्या रिपोर्टमध्ये ‘डॉक्टरांना दाखवा’ यापुढे काही नसतं. पुढचं सगळं दोन प्रश्नांवर ठरतं: पेशंटला रक्तपुरवठा पुरतोय का, आणि अडथळा नोडमध्ये आहे की खाली. बीपी पडलंय, भान हरपतंय, छातीत दुखतंय, फुप्फुसात पाणी भरतंय, यातलं काही असेल तर मॉनिटर, ऑक्सिजन गरजेप्रमाणे, शिरेत सुई आणि पेसिंगचे पॅड चिकटवून तयार. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० पासूनच्या मार्गदर्शनानुसार ॲट्रोपिन १ मिग्रॅ शिरेतून, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिग्रॅपर्यंत. युरोपीय पद्धतीत दर वेळी अर्धा मिग्रॅ. अर्ध्या मिग्रॅपेक्षा कमी देऊ नये, ठोके उलट मंदावू शकतात.

ॲट्रोपिन नोडवर चालतं. मोबिट्झ टू आणि रुंद क्यूआरएसच्या कम्प्लीट ब्लॉकमध्ये त्याचा भरवसा नाही. पीचा वेग वाढतो, खालच्या आजारी वाटेला तो पेलवत नाही, २:१ चा ३:१ होतो आणि नाडी आणखी घसरते. हृदय बदललेल्या पेशंटमध्येही ते चालत नाही, कारण व्हेगसच्या नर्व्ह कापलेल्या असतात. अशा वेळी ॲट्रोपिनच्या डोसांत वेळ न घालवता थेट पेसिंग, किंवा पेसिंग होईपर्यंत ॲड्रिनॅलिन मिनिटाला २ ते १० मायक्रोग्रॅम किंवा डोपामिन किलोमागे मिनिटाला ५ ते २० मायक्रोग्रॅम.

बाहेरून पेसिंग करताना गाडी अडते ती नेहमीच्या जागी. पॅड शक्यतो एक पुढे, एक पाठीवर. डिमांड मोडसाठी (गरज पडेल तेव्हाच पेस करणारा) बऱ्याच मशिनांना पॅडशिवाय ईसीजीच्या वायरीही वेगळ्या जोडाव्या लागतात, त्या राहून जातात. रेट ६० ते ८०, करंट हळूहळू वाढवत न्यायचा. बऱ्याच पेशंटमध्ये ५० ते १०० मिलिअँपिअरच्या दरम्यान पकड मिळते. प्रत्येक स्पाइकनंतर रुंद क्यूआरएस आणि मोठी टी दिसली तरच पकड, नुसता स्पाइक म्हणजे काही नाही. त्यानंतरही नाडी बघायचीच, आणि ती मांडीच्या सांध्यात किंवा पल्स ऑक्सिमीटरच्या लाटेवर. मानेवर बघाल तर स्नायूंचे झटके नाडीसारखे लागतात आणि फसवतात. पकड मिळाल्यावर करंट दहा टक्के वर ठेवा. पेशंट शुद्धीत असेल तर हे फार दुखतं, वेदनाशामक आणि गुंगीचं औषध द्या. हा पूल आहे, मुक्काम नव्हे. शिरेतून तात्पुरता पेसमेकर टाकण्याची तयारी समांतर चालू हवी.

त्याच वेळी कारण शोधायचं. बीटा ब्लॉकर, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन यातलं काय चालू आहे? पोटॅशियम किती? पी पसरट झालेला, क्यूआरएस रुंद आणि रेट संथ असेल, किडनीचा आजार असेल, तर लॅबची वाट न पाहता १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १५ ते ३० मिली, मॉनिटर बघत. पोटॅशियम उतरल्याशिवाय ॲट्रोपिन आणि पेसिंग दोन्ही वाया जाऊ शकतात. इन्फिरियर (हृदयाच्या खालच्या बाजूच्या) हार्ट अटॅकमधला ब्लॉक बहुधा नोडमधला, अरुंद क्यूआरएसचा आणि काही दिवसांत सुटणारा. अँटिरियर (पुढच्या बाजूच्या) अटॅकमधला ब्लॉक मधली भिंत मेल्यामुळे होतो. तो दिसला की तयारी अगोदर, चर्चा नंतर.

कायमच्या पेसमेकरबाबत अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: सुधारण्याजोगं कारण नसेल, तर मोबिट्झ टू, हाय ग्रेड (सलग दोन किंवा जास्त पी अडणारा) आणि थर्ड डिग्री ब्लॉकला लक्षणं असोत वा नसोत, पेसमेकर. फर्स्ट डिग्री आणि मोबिट्झ वनला फक्त त्रास खरोखर त्यामुळेच होत असेल तर.

इतर साधनांशी तुलना

मनगटी घड्याळाचा ईसीजी हसण्यावारी नेऊ नये. तो साधारण तीस सेकंदांचा असतो, म्हणजे बारा लीडच्या तिप्पट लांब, आणि गळलेला ठोका त्यात सापडू शकतो. पण एकच लीड, त्यातही लीड १, जिथे पी बारीक असतो. त्यावरून ब्लॉकचा प्रकार ठरवू नये. येऊन-जाऊन होणाऱ्या ब्लॉकसाठी होल्टर किंवा पॅच (अंगावर लावून ठेवायचे रेकॉर्डर), आणि चक्कर महिन्यातून एखादीच येत असेल तर त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर. बारा लीडचं मशीन या कामासाठी नाहीच.

घेताना दुकानदाराकडून एवढं करवून घ्या: रिदम बटण दाबून सलग एक मिनिटाची पट्टी अडखळल्याशिवाय निघते का, साठवलेलं ट्रेसिंग नंतर वेगळ्या फिल्टरने पुन्हा छापता येतं का, आणि माथ्यावरचं निदान बंद ठेवता येतं का. शेवटची सोय शिकणाऱ्यांसाठी फार मोलाची आहे. छापील ओळ आधी डोळ्यांत गेली की माणूस पी शोधणं सोडून देतो. थर्मल कागद उन्हात, प्लास्टिकच्या पाकिटात आणि चिकटपट्टीखाली फिका पडतो, म्हणून प्रत्येक ईसीजीची पीडीएफ साठवणारं मशीनच घ्यावं. लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक नवा की जुना, पीआर कालपासून वाढला की वर्षभर तेवढाच आहे, याचं उत्तर जुन्या ट्रेसिंगशिवाय कुठलंही मशीन देऊ शकत नाही.